ब्रेकबाई गाडी निवडतात

शोरूमच्या दारात उभी असलेली करडी गाडी बुटकी होती, रुंद होती आणि डोकं खाली घालून धडक द्यायला निघालेल्या एडक्यासारखी दिसत होती. ब्रेकबाईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली, मागच्या टायरला चपलेच्या टोकाने जरा ढोसलं, दार उघडलं आणि आत बसल्या. पट्टा लावला. पाय पुढे ताणले. मग बाहेर उभ्या सेल्समनकडे बघून म्हणाल्या, "हं, बसा की."

सेल्समन काही नवखा नव्हता. गिऱ्हाइकांच्या नाना तऱ्हा त्याने पाहिल्या होत्या. कुणी टेस्ट ड्राइव्हला सासूला घेऊन येतं, कुणी गाडीत बसून नुसता नव्या सीटचा वास घेऊन जातं. या बाईंना आधी शेजारी बसून अंदाज घ्यायचा असेल, असं म्हणून तो मुकाट्याने स्टेअरिंगमागे बसला.

"सीट पुढे ओढा. गुडघा ताठ राहतोय तुमचा."

त्याने ओढली.

"आरसा."

"अं?"

"आरसा बघितलात का? नाही ना? मग निघालात कुठं? हं, आता. क्लच हळू. हळू म्हणजे हळू. शाबास."

पहिल्या चौकापर्यंत सेल्समनच्या मानेला घाम सुटला. दुसऱ्या चौकापर्यंत ब्रेकबाई 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "समोरच्या सायकलवाल्याकडे बघ, तो वळणार आहे, हात दाखवणार नाही. बघ, वळला की नाही?" "हो मॅडम." "गियर घालताना गियरकडे बघायचं नाही. तो काही पळून जात नाही." "हो मॅडम." शोरूममध्ये परतल्यावर त्याने दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध गाडी लावली आणि शाबासकीसाठी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"जमतंय," ब्रेकबाई म्हणाल्या. "फक्त क्लचवर पाय टेकवून ठेवायची सवय सोड. प्लेट जळते."

"हो मॅडम." मग त्याला आपली नोकरी आठवली. "गाडी कशी वाटली, मॅडम?"

ब्रेकबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मग समोर बघितलं, तिथे स्टेअरिंग नव्हतं. गाडी कशी वाटली? गाडी त्यांनी चालवलीच कुठे होती!

ब्रेकबाई हे नाव त्यांना आईबापांनी दिलेलं नव्हतं, शिकाऊ मंडळींनी दिलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दोन पेडल जादा असतात. एक क्लच, एक ब्रेक. रेस नसते. शिकवणाऱ्याने गाडी पळवायची नसते, थांबवायची असते. वीस-बावीस वर्षं ब्रेकबाई त्या सीटवर बसत आल्या होत्या. कुत्रं आडवं आलं, ब्रेक. शिकणाऱ्याला शिंक आली, ब्रेक. नुकतंच लग्न जमलेला एखादा बाप्या फोनकडे बघून गालात हसला, ब्रेक, आणि वर टाळक्यात एक टप्पल. डॉक्टर, नर्स, शाळामास्तर, खाटीक, दोन नगरसेवक आणि त्यांना पाडणारा तिसरा, अशी अर्ध्या शहराची माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि त्यांच्या पायामुळे धडधाकट राहिली होती.

त्याची किंमत तो उजवा पाय मोजत होता. थेटरात पडद्यावरची गाडी कड्याकडे निघाली की ब्रेकबाईंचा पाय पुढच्या खुर्चीवर आपटायचा आणि पुढचा माणूस वळून बघायचा. झोपेतही तो पाय ब्रेक मारायचा, आणि नवऱ्याच्या नडगीवर त्याचे निळे शिक्के उठायचे.

असं मात्र नव्हतं की त्यांना गाडी चालवायची आवड नव्हती. उलट दुसरी कसलीच नव्हती. बाप दगडाच्या खाणीवर लॉरी चालवायचा. ढुंगणाखाली घोंगडीची चौपदरी घडी घेतल्याशिवाय काचेतून बाहेर दिसत नव्हतं, त्या वयात त्या खाणीच्या आतल्या रस्त्यावर रिकामी लॉरी फिरवायच्या. अठराव्या वर्षी भरलेली लॉरी उतारावरून दुसऱ्या गियरमध्ये अशी उतरवायच्या की वरचा एक दगड हलायचा नाही. बाप शेजारी बसून विडी ओढायचा आणि कुणाला तरी सांगायचा, "ही पोर गाडी चालवत नाही रे. गाडीशी गप्पा मारते."

मग लग्न झालं. नवरा लाँड्रीवाला. त्याच्याकडे सायकल होती, पुढे स्कूटर आली, गाडी काही आली नाही. ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी लागली तेव्हा सुरुवातीला त्या शिकाऊ माणसाला चार वळणं स्वतः घेऊन दाखवायच्या. पुढे मालकाने भिंतीवर पडदा लावला आणि ती वळणं पडद्यावर दाखवायला लागला. सकाळी पहिला शिकाऊच गाडी त्यांच्या दारात आणायचा, संध्याकाळी शेवटचा शिकाऊच स्कूलवर न्यायचा. स्टेअरिंग हातात यायचं ते शेजारून, कुणी भिंतीवर निघालं तर ओढायला.

हे सगळं त्यांच्या ध्यानातही आलं नसतं. पण नणंद जेवायला आली होती. नणंदेच्या जिभेला हाड नाही, मनात मात्र काही नसतं. भात वाढून घेता घेता ती म्हणाली, "वहिनी शिकवतात झकास, सगळं शहर म्हणतं. पण वहिनींना गाडी चालवताना कुणी बघितलंय का? मी तर नाही बाई बघितलं."

सगळे हसले. ब्रेकबाईही हसल्या. मग भांडी घासताना त्या आठवायला लागल्या, की शेवटची गाडी आपण कधी चालवली? म्हणजे आपण, एकटीने, इथून तिथवर? कढई घासून लख्ख झाली तरी आठवेना.

रविवारी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मला गाडी घ्यायचीय."

"घेऊ की," लाँड्रीवाले म्हणाले. "मी केव्हाचा म्हणतोय. एक डबा गाडी घेऊ, उंच छपराची. आत आडवी दांडी ठोकू. शर्ट लटकत जातील, इस्त्री मोडायची नाही."

"शर्टांची तुम्ही घ्या. मी माझी म्हणतेय. छोटी, बुटकी, पळणारी."

"पळून जायचंय कुठं?"

"कुठंही."

लाँड्रीवाल्यांनी बायकोकडे जरा निरखून बघितलं. पैसे तिचे होते, त्याबद्दल बोलायला जागा नव्हती. "चालवणार कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. सहज विचारलं. पण तो प्रश्न ब्रेकबाईंच्या डोक्यातून जाईना. आता गोष्ट गाडी घेण्याची राहिली नव्हती. आपल्याला गाडी चालवता येते, की नुसती थांबवता येते, हे त्यांना स्वतःला कळून घ्यायचं होतं. असल्या छोट्या पळणाऱ्या गाड्यांची शहरात तीन शोरूम होती. तिन्ही ठिकाणी त्यांनी फोन करून वेळ घेतली.

त्यातल्या पहिल्या ठिकाणी काय झालं ते आपण पाहिलंच. सेल्समनला परत एकदा चक्कर मारू द्या म्हणायची त्यांना लाज वाटली. "विचार करून सांगते," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

दुसरी गाडी पांढरी होती आणि तिच्या मागे दोन नळकांडी होती. ती दाखवायला एक तरतरीत मुलगी होती, एका दमात चार वाक्यं बोलणारी. "मॅडम, टर्बो आहे, स्पोर्ट मोड आहे, सीट बघा कशी अंगाला मिठी मारते!" या खेपेला ब्रेकबाई आपल्या पायांवर लक्ष ठेवून चालत गेल्या आणि बरोबर दाराने आत शिरल्या. सीट, आरसा, पट्टा, सगळं हाताला पाठ होतं. क्लच दाबला, गियर घातला, क्लच सोडला. गाडी अशी अलगद निघाली की मुलगी म्हणाली, "वा!"

ते तेवढंच. रस्ता मोकळा दिसला, ब्रेकबाईंनी उजवा पाय रेसवर ठेवला. गाडीने क्षणभर विचार केला आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी उसळली. पाय आपसूक ब्रेकवर. दोघींची डोकी पुढे. परत रेस, परत उसळी, परत ब्रेक. समोरून बस आली, ब्रेक. बस निघून गेली, तरी ब्रेक. दाराशी पिशवी घेऊन उभ्या बाईने नुसतं रस्त्याकडे बघितलं, ब्रेक. उचकी लागलेल्या माणसासारखी ती पांढरी गाडी रस्त्याने चालली होती, आणि मुलीची चार वाक्यं एकावर, आणि एकावरून शून्यावर आली होती.

सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. ब्रेकबाईंनी शेजारी मान वळवली आणि नेहमीच्या शांत आवाजात म्हणाल्या, "घाबरायचं नाही. न्यूट्रल कर. आता परत चालू कर."

मुलीने त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. "मॅडम, गाडी तुम्ही चालवताय."

शेजारून एक टेम्पोवाला मान बाहेर काढून ओरडत गेला, "मावशी, आधी ड्रायव्हिंग स्कूलला जा!"

त्या टेम्पोवाल्याला काय ठाऊक? आणि ठाऊक असतं तरी तो आणखीच मोठ्याने हसला असता. ब्रेकबाईंनी गाडी कशीबशी परत आणली, किल्ली मुलीच्या हातात ठेवली, "गाडी चांगली आहे हो, तिची काही चूक नाही," म्हणाल्या आणि तडक लाँड्रीवर गेल्या.

लाँड्रीत वाफ कोंडली होती. लाँड्रीवाले कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्रीचं टोक फिरवत होते. ब्रेकबाई कपड्यांच्या गाठोड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुमची ती डबा गाडी बघू या."

लाँड्रीवाल्यांनी इस्त्री उभी केली. "काय झालं?"

"काय व्हायचंय? बघू या म्हटलं. दांडी ठोका, शर्ट लटकवा. तुम्हीच म्हणत होतात."

"मी म्हणत होतो ते खरं. पण तू अशी म्हणायला लागलीस की मला भीती वाटते. भांडलीस तर बरं."

मग त्यांनी बायकोकडून सगळं काढून घेतलं. करडी गाडी, सेल्समनचा क्लच, पांढरीच्या उचक्या, टेम्पोवाला. टेम्पोवाल्यापाशी त्यांना हसू आलं, ते त्यांनी मनगटाने नाक पुसून लपवलं. "आणि तिसरी?"

"तिसरीचं काय? हा पाय गेलाय कामातून. याला थांबवण्यापलीकडं काही येत नाही."

"तिसरीची वेळ घेतलीयस?"

"घेतलीय. दुपारची. फोन करून नको म्हणते."

"वेळ घेतली की जायचं," लाँड्रीवाले म्हणाले आणि इस्त्रीची वायर काढून गुंडाळायला लागले. "कपडे टाकून न्यायला न येणाऱ्या लोकांनी माझं काय डोकं फिरतं ते तू बघतेस. चल. मी येतो."

"दुकान?"

"लोक चुरगळलेले फिरतील एक दिवस."

तिसरी गाडी पिवळी होती. पिवळी म्हणजे पिवळीधमक, लांबून डोळ्यांत घुसणारी. चार दारं, ठेंगणी चण, चाकं मात्र अंगापेक्षा मोठी, जणू थोरल्या भावाचे बूट घालून उभी. इथला सेल्समन गोल, घाई नसलेला माणूस होता. गाडीबद्दल तो फारसं बोललाच नाही. "चालवून बघा, मग बोलू," म्हणाला. ब्रेकबाईंना तो आवडला. लाँड्रीवाल्यांनी मात्र आधी डिकी उघडली, आत हात घालून मापं घेतली आणि जाहीर केलं, "सहा शर्ट. तेसुद्धा घडी घालून."

"तुम्हाला कुणी विचारलं?" ब्रेकबाई म्हणाल्या.

"कुणी विचारलं नाही म्हणूनच सांगितलं."

सेल्समन पुढच्या दाराकडे वळला तसे लाँड्रीवाले मधे गेले. "साहेब, तुम्ही मागं बसा. पुढं मी."

"अहो, पण मला पुढे बसावं लागतं..."

"मागूनही गाडी हीच दिसते."

तो गोल माणूस मागच्या सीटवर कसा शिरला ते त्यालाच माहीत. गुडघे कानाला लागले, पण तक्रार केली नाही. शोरूमच्या मागे नव्या गाड्या उभ्या करायचं मोठं आवार होतं, अर्धं रिकामं. "इथे एक चक्कर घ्या, हात बसू दे, मग रस्त्यावर जाऊ," तो मागून म्हणाला.

ब्रेकबाईंनी गाडी चालू केली. आवाज पांढरीसारखा दिखाऊ नव्हता, पोटातून येणारा, घोगरा होता. क्लच सोडला. निघाली. रेस. उसळी. ब्रेक. तिघांची डोकी पुढे. परत रेस. परत ब्रेक. ब्रेकबाईंच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"बघितलंत?" त्या दातओठ खाऊन म्हणाल्या. "बघायचं होतं ना? बघितलंत आता."

लाँड्रीवाल्यांनी पट्टा सोडला. ते खाली वाकले, चपला काढल्या, आणि तसल्याच मिठी मारणाऱ्या अरुंद सीटवर एक पाय वर घेतला. मग दुसरा. गुडघा दारात अडकला, तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून सोडवला. होता होता ते त्या पळणाऱ्या गाडीच्या सीटवर पंगतीत बसल्यासारखी मांडी घालून बसले.

"साहेब, सीट नवी आहे हो," मागून आवाज आला.

"पाय धुतलेले आहेत."

"अहो, करताय काय?" ब्रेकबाई म्हणाल्या.

"बघ," लाँड्रीवाले म्हणाले. "माझे पाय वर आहेत. आता गाडी तुझी."

ब्रेकबाई त्यांच्याकडे वळल्या. हे वाक्य ब्रेकबाईंचं स्वतःचं होतं. फार घाबरट, स्टेअरिंगला लटकून बसणारा शिकाऊ आला, काही केल्या सुटेना, की त्या त्याला मोकळ्या मैदानात नेत, चपला काढून सीटवर मांडी घालत आणि म्हणत, बघ, माझे पाय वर आहेत, आता गाडी तुझी. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती आणि त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. फार थोड्या माणसांवर ती वापरायची पाळी आली होती. त्यांतला एक, नोकरीच्या पहिल्या वर्षी, लाँड्रीवाले. ते काही गाडी शिकले नाहीत. चार धडे झाले, दोन भांडणं झाली, आणि दोघांनी मिळून ठरवलं की संसार करायचा असेल तर हे बंद करू. पण वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं, अगदी तिच्या आवाजातल्या चढउतारासकट.

"तिथं ब्रेक नाहीच आहे हो," ब्रेकबाई म्हणाल्या. "पाय वर घ्या नाहीतर खाली."

"मी तेच म्हणतोय. इथं ब्रेक नाही. इथं बसणाऱ्याला काही करता यायचं नाही. तू इथं बसलेली नाहीस. इथं मी बसलोय, आणि मला इस्त्रीशिवाय काही येत नाही."

सेल्समनने गुडघे आणखी जवळ घेतले.

ब्रेकबाईंनी पुढे बघितलं. आवार मोकळं होतं. दूर, नव्या गाड्यांची रांग, वर झाकणं घातलेली. उजवा पाय त्यांनी उचलला आणि रेसवर ठेवला, आणि या वेळी ठेवलेलाच ठेवला. गाडीने क्षणभर विचार केला आणि उसळली. पाय शिवशिवला. पाय ब्रेककडे निघाला. "थांब," ब्रेकबाई त्याला म्हणाल्या, मोठ्याने, जसं शिकाऊला म्हणायच्या तसं. पाय थांबला. उसळी संपली, आणि उसळीच्या पलीकडे, जिथे त्या पांढऱ्या गाडीत एकदाही पोचल्या नव्हत्या, तिथे गाडी एकदम सरळ, गुळगुळीत, आज्ञाधारक धावत होती. अरे! म्हणजे हे एवढंच होतं? टर्बो दम घेतो, मग ढकलतो, मग सुरळीत होतो. त्याला दम घ्यायलाच आपण देत नव्हतो.

त्यांनी आवाराच्या टोकाला गाडी वळवली. दुसरी चक्कर. तिसरी जरा जोरात.

"पाय खाली घ्या," त्या म्हणाल्या.

"का?"

"पट्टा नीट लावा. रस्त्यावर चाललोय."

फाटकाबाहेर सेल्समन म्हणाला, "आपला रस्ता इकडून मॅडम, सरळ, पुढच्या चौकातून वळून परत."

"टेकडीवर जायचंय."

"टेकडी आमच्या रूटमध्ये नाही."

"आता आहे," लाँड्रीवाले म्हणाले.

शहराच्या पाण्याची टाकी टेकडीवर होती, आणि तिकडे जाणारा रस्ता ब्रेकबाईंच्या रोजच्या ओळखीचा. चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता कशी उचलायची ते त्या तिथे शिकवायच्या. प्रत्येक वळण त्यांना माहीत होतं, पण शेजारच्या खिडकीतून, आणि गोगलगायीच्या वेगाने. पहिलं वळण आलं. आधी ब्रेक, हलका, हवा तेवढाच. तिसऱ्यातून दुसरा. गियरची दांडी मनगटाच्या एका झटक्यात बसली, बाटलीचं बूच बसावं तशी. वळणाच्या पोटात गाडी झुकली नाही, लोळली नाही, जमिनीला चिकटून फिरली. आणि वळण उलगडायला लागलं तशी त्यांनी रेस दिली. पिवळीने दम घेतला, ढकललं, आणि रस्ता खिडकीखालून सरसर मागे पडायला लागला.

"आई गं," लाँड्रीवाले म्हणाले आणि दारावरचा दांडा धरला.

"स्टेअरिंग कसं वजनदार आहे बघा," ब्रेकबाई म्हणाल्या. "पांढरीचं खेळण्यातल्यासारखं होतं. याला रस्ता कळतो."

"कळत असेल. तू पुढं बघ."

"पुढंच बघतेय."

दुसरं वळण, तिसरं. बाईंचे हात आता स्टेअरिंगवर सैल पडले होते, खांदे खाली आले होते. पुढे सिमेंटचा मिक्सर गुरगुरत चढत होता. पूर्वीच्या ब्रेकबाईंनी त्याच्यामागे टाकीपर्यंत रांग धरली असती. आज त्यांनी सरळ पट्टा येईपर्यंत वाट बघितली, डोकं जरा बाहेर काढून रस्ता पार टोकापर्यंत रिकामा असल्याची खात्री केली, दुसरा गियर घातला, आणि पाय खाली नेला. मिक्सर शेजारून असा मागे गेला जणू कुणी तो दोरीने ओढून नेला. मागच्या सीटवरून "वा!" असा बारीक आवाज आला, विकणाऱ्या माणसाचा नव्हे, आवडलेल्या माणसाचा.

आणि पाचव्या वळणाच्या वर, चढाच्या अगदी मोक्याच्या जागी, त्यांच्याच ड्रायव्हिंग स्कूलची गाडी बंद पडून तिरकी झाली होती. आज ब्रेकबाई सुट्टीवर म्हणून मालक स्वतः शिकवायला बसला होता. शिकाऊ स्टेअरिंगला लटकला होता, मालक पायाशी ब्रेक आहे हे विसरून लाल तोंडाने त्याच्यावर ओरडत होता, आणि गाडी इंचाइंचाने मागे सरकत होती. ब्रेकबाईंनी वेग उतरवला, अंतर ठेवून थांबल्या, काच खाली केली.

"हँडब्रेक ओढा, मालक!"

मालकाने ओढला. मग कुणी सांगितलं ते बघायला मान वळवली. पिवळी गाडी, आणि आत स्टेअरिंगवर ब्रेकबाई.

"बाई? तुम्ही? चालवताय?"

"चालवतेय!" ब्रेकबाई म्हणाल्या. चढावर पूर्ण थांबलेली पिवळी त्यांनी हँडब्रेक सोडत अशी उचलली की चाक केसभर मागे गेलं नाही, आणि बाजूने सुटल्या. आरशात मालक बराच वेळ उघड्या तोंडाने दिसत राहिला.

टाकीपाशी सपाट मोकळी जागा होती, कडेला कंबरभर उंचीचा कठडा. लाँड्रीवाले उतरले, कठड्याला धरून उभे राहिले आणि लांब श्वास घ्यायला लागले. सेल्समनला बाहेर काढायला त्यांना परत यावं लागलं. एक हात, मग एक खांदा, मग उरलेला सेल्समन. दोघं कपडे झटकत उभे राहिले. खाली सगळं शहर पसरलेलं होतं, पण तिकडे कुणी बघत नव्हतं.

कारण मागे दार धाडकन लागलं. त्यांनी वळून बघितलं तर पिवळी गाडी मोकळ्या जागेत अर्धा गोल फिरली आणि आल्या वाटेने उताराला लागली.

"अहो!" सेल्समन ओरडला. "गाडी नेली की हो!"

"नेली खरी," लाँड्रीवाले म्हणाले.

"आमच्या माणसाशिवाय गाडी न्यायची नसते! नियम आहे!"

"मला सांगून काय उपयोग? मी इथं आहे."

गाडीत ब्रेकबाई एकट्या होत्या. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर लाँड्रीवाल्यांच्या मांडीचा खळगा अजून भरून आला नव्हता. पहिलं वळण उतरून झालं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण गप्प आहोत. आरसा बघ नाही, क्लच हळू नाही, गियरकडे बघू नको नाही. सांगायला कुणी नव्हतं आणि सांगायची गरज नव्हती. हात आपलं करत होते, पाय आपलं करत होते. उजवा पाय रेसवरून ब्रेकवर आणि ब्रेकवरून रेसवर असा जात होता, जसा घरातला माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. खालच्या रुंद वळणावर, नीट बघून, त्यांनी गाडी फिरवली आणि परत चढाला लावली. दुसरा. रेस. दम. ढकल. आणि त्या मोकळ्या चढावर, काचा बंद असताना, बावन्न वर्षांची, दोन नगरसेवकांना आणि तिसऱ्याला शिकवलेली ती बाई घसा फाटेल इतक्या मोठ्याने ओरडली. शब्द नव्हता तो. नुसता आवाज होता, आणि इंजिनाचा आवाज त्याच्या बरोबरीने वर चढत होता.

वर सेल्समन कठड्यावरून वाकून बघत होता. "आली," तो म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पिवळी त्यांच्यापुढे येऊन थांबली. काच खाली गेली. ब्रेकबाईंचे केस सुटले होते आणि चेहरा ताज्या धुतलेल्या कापडासारखा दिसत होता.

"हीच," त्या म्हणाल्या. "क्लच जरा उंचावर पकडतोय, तेवढा खाली घेऊन द्या. बाकी काही हात लावू नका."

"हो मॅडम," सेल्समन म्हणाला. "यात आणखी तीन रंग येतात."

"येऊ देत."

"आणि मॅडम, खाली जाताना आता मी चालवतो..."

"तुम्ही दोघं थांबा जरा इथं," ब्रेकबाई म्हणाल्या. "हवा खा. मी आणखी एक चक्कर मारून येते."

"अगं, किती?" लाँड्रीवाले म्हणाले.

पण काच वर गेली होती आणि पिवळी अर्धा गोल फिरून उताराला लागली होती. लाँड्रीवाले कठड्यावर बसले आणि शेजारी हाताने जागा झाडून दिली. सेल्समन बसला. त्याने खिशातून फोन काढला आणि शोरूमला कळवलं की पिवळी विकली गेलीय, फक्त ती परत कधी येईल ते सांगता येत नाही.